भाव आणि घाई : शेअर बाजारातील ऑर्डरींचा ओघ कसा वाचावा

मराठीत 'भाव' हा शब्द दोन घरांत नांदतो. मनात उमटतो तो भाव आणि बाजारात ठरतो तोही भावच. कुणी भाव खातो, कुणाला आपण भाव देत नाही, कशाचा भाव वधारतो, तर कशाचा कोसळतो. भाषेने हे दोन अर्थ एकाच शब्दात ठेवले यात मोठे शहाणपण आहे. किंमत म्हणजे वस्तूच्या अंगी असलेला गुण नव्हे. ती वस्तू घेण्याची एकाला आणि देण्याची दुसऱ्याला त्या क्षणी किती घाई आहे, याची ती नोंद असते. या लेखात मला त्या घाईविषयीच बोलायचे आहे.

शेअर बाजारात सध्या 'ऑर्डर फ्लो' हा शब्द फार ऐकू येतो. कोणत्या भावाला किती खरेदीदार आणि किती विक्रेते थांबले आहेत, प्रत्यक्ष सौदे कोणाच्या पुढाकाराने होत आहेत, हे क्षणाक्षणाला पाहायचे आणि त्यावरून बाजारात केव्हा शिरावे व केव्हा बाहेर पडावे ते ठरवायचे, असे हे तंत्र आहे. मी त्याला ऑर्डरींचा ओघ म्हणेन. साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. मात्र आज आपल्या बहुतेकांच्या घरात कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर हा ओघ चालू असतो. घरातले पैसे त्यात वाहत असतील, तर तो ओघ म्हणजे काय हे घरातल्या वाचणाऱ्या माणसाला ठाऊक असायला हवे.

मंडीतली सकाळ

भोपाळकरांना यासाठी दूर जायला नको. करोंदच्या मंडीत गव्हाच्या हंगामात सकाळी जाऊन उभे राहावे. ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. परवानाधारक व्यापारी एका ट्रॉलीपासून दुसऱ्या ट्रॉलीकडे घोळक्याने सरकतात, मूठभर दाणे तळहातावर घेतात आणि बोली बोलतात. हा उघडा लिलाव आहे. सर्वांत वरची बोली टिकते आणि माल त्या व्यापाऱ्याच्या नावे होतो.

आता जुना, मुरलेला व्यापारी काय पाहतो ते पाहा. दाणा तर तो पाहतोच, पण त्याआधी तो फाटकाकडे पाहतो. आज आवक किती आहे? रांग वाढते आहे की संपत आली? बोली बोलणाऱ्यांपैकी आज कोण जोरात आहे? एखाद्या पिठाच्या गिरणीचा माणूस लागोपाठ पाच ट्रॉल्या उचलत असेल, तर त्याला आज माल हवाच आहे, हे सगळ्यांना कळते. उलट दुपार कलली, शेतकऱ्याला ट्रॉली रिकामी करून गावी परतायचे आहे, म्हणजे आता घाई विकणाऱ्याला आहे. गहू तोच आणि दाणाही तोच, परंतु घाई एका बाजूकडून दुसरीकडे गेली की भाव हलतो.

गुरांच्या बाजारात हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. तिथे रुमालाखाली हात घालून बोटे दाबत सौदा ठरवण्याची जुनी चाल आहे. बघणाऱ्याला आकडा कळू नये, हा त्यामागचा हेतू. उघडी बोली आणि रुमालाखालची बोली ही दोन चित्रे वाचकांनी लक्षात ठेवावीत. पुढे पडद्यावरच्या बाजारात आपल्याला दोन्ही भेटणार आहेत.

वडाखालून पडद्यावर

मुंबईच्या टाउन हॉलसमोर, म्हणजे आज जिथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे त्या इमारतीसमोर, १८५० च्या दशकात काही दलाल वडाच्या झाडाखाली जमून शेअरचे सौदे करीत. त्यातूनच ९ जुलै १८७५ रोजी दलालांची संघटना उभी राहिली आणि पुढे तीच मुंबई शेअर बाजार झाली. तिथल्या रिंगणात शतकभराहून अधिक काळ सौदे तोंडी आणि हातवाऱ्यांनी होत. एकाच वेळी घेण्याचा आणि देण्याचा असे दोन्ही भाव बोलून त्यांमधल्या फरकावर पोट भरणारा जो दलाल असे, त्याला 'तारवणीवाला' म्हणत. त्याचे सगळे भांडवल कानांत होते. रिंगणातला आवाज कुठल्या कोपऱ्यात चढला, कोण नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडतो आहे, कोण मुद्दाम गप्प आहे, यावरून तो आपला भाव क्षणात वर-खाली करी. ऑर्डरींचा ओघ वाचण्याची कला ती हीच. तिला तेव्हा इंग्रजी नाव नव्हते, इतकेच.

नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने ३ नोव्हेंबर १९९४ रोजी संगणकाच्या पडद्यावर शेअरचे व्यवहार सुरू केले. मुंबई शेअर बाजारानेही १४ मार्च १९९५ पासून 'बोल्ट' ही संगणकप्रणाली आणली आणि रिंगण शांत झाले. जुनी भाषा मात्र टिकून राहिली. दिवसअखेरच्या भावांच्या अधिकृत यादीला आजही 'भावकॉपी' असेच म्हणतात. आवाज गेला आणि त्याची जागा आकड्यांनी घेतली. पूर्वी जे कानाने टिपायचे, ते आता डोळ्यांनी टिपावे लागते.

पडद्यावरची वही

आता प्रत्यक्ष पडद्याकडे वळू. कुठल्याही दलालाच्या ॲपमध्ये शेअरच्या नावावर बोट ठेवले की पाच ओळींचा एक तक्ता उघडतो. एका बाजूला खरेदीदार आणि दुसऱ्या बाजूला विक्रेते. उदाहरणादाखल एक काल्पनिक शेअर घेऊ.

खरेदीच्या बाजूला ४०० रुपयांना ४०० शेअर, ३९९.९५ ला ९०० शेअर आणि ३९९.९० ला १,५०० शेअर घ्यायला माणसे थांबली आहेत. विक्रीच्या बाजूला ४००.१० ला ३०० शेअर, ४००.१५ ला ७०० शेअर आणि ४००.२० ला २,००० शेअर देऊ केलेले आहेत. सर्वांत वरचा खरेदीभाव ४०० आणि सर्वांत खालचा विक्रीभाव ४००.१०. मधली १० पैशांची फट म्हणजे पूर्वीच्या तारवणीवाल्याची कमाई.

या तक्त्यात जे दिसतात ते थांबलेले लोक आहेत. त्यांनी आपला भाव सांगून ठेवला आहे आणि ते वाट पाहत आहेत. अशा ऑर्डरीला 'लिमिट ऑर्डर' म्हणतात. रांगेचा नियम साधा आहे : चांगला भाव देणारा आधी आणि भाव सारखा असेल तर जो आधी आला तो आधी. दुसऱ्या प्रकारचा माणूस भाव सांगत नाही. तो म्हणतो, जो भाव असेल त्याला द्या, पण आत्ता द्या. ती 'मार्केट ऑर्डर'. पहिल्याकडे धीर आहे आणि दुसऱ्याला घाई. सगळा ओघ या दोघांच्या भेटीतून निर्माण होतो.

समजा, १,२०० शेअरची मार्केट खरेदी आली. तिला पहिले ३०० शेअर ४००.१० ला मिळतील, पुढचे ७०० शेअर ४००.१५ ला आणि उरलेले २०० शेअर ४००.२० ला. एकूण ४,८०,१७५ रुपये लागतील. आता विक्रीची पहिली ओळ ४००.२० वर गेली, म्हणजे भाव 'वाढला'. कुठलीही बातमी नाही, कंपनीत काही घडलेले नाही. एका घाईच्या माणसाने दोन ओळी रिकाम्या केल्या, एवढेच.

खरेदीची बाजू जशीच्या तशी असताना याच माणसाने पुढच्या क्षणी मन बदलून सगळे शेअर मार्केट ऑर्डरने विकले, तर ४०० शेअर ४०० रुपयांना आणि ८०० शेअर ३९९.९५ ला जातील. हाती ४,७९,९६० रुपये येतील. म्हणजे जाऊन-येऊन २१५ रुपये गेले. एका दिवसातल्या सौद्यावर विक्रीच्या रकमेच्या ०.०२५ टक्के व्यवहार कर लागतो, तो साधारण १२० रुपये. दलाली आणि इतर आकार वेगळे. तेव्हा कुणी आपल्याला 'शेअर फक्त २० पैसे हलला तरी पुरे' असे सांगू लागला, तर हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. या उदाहरणात भाव शेअरमागे सुमारे २८ पैसे वर गेल्याशिवाय माणूस मूळ जागीही पोहोचत नाही.

खरेदीदार जास्त म्हणजे काय?

बातम्यांत आपण ऐकतो की आज बाजारात खरेदीदार जास्त होते. नीट विचार केला तर हे वाक्य चमत्कारिक आहे. प्रत्येक सौद्यात जेवढे शेअर घेतले जातात तेवढेच विकले जातात. फरक संख्येत नसून पुढाकारात असतो. सौदा विक्रेत्याच्या भावाला झाला, तर खरेदीदार फट ओलांडून पलीकडे गेला, म्हणजे घाई त्याची. खरेदीदाराच्या भावाला झाला, तर विक्रेता खाली उतरला. एखाद्या पाच मिनिटांत घाईच्या खरेदीने झालेल्या शेअरांतून घाईच्या विक्रीने झालेले शेअर वजा केले की जो आकडा येतो, त्याला या तंत्रात 'डेल्टा' म्हणतात. दिवसभराच्या डेल्टाची बेरीज करीत गेले की ओघाची दिशा दिसते.

यातली सर्वांत उपयोगी खूण डेल्टा आणि भाव यांच्या मेळात सापडते. डेल्टा वाढला आणि भावही वाढला, तर त्यात नवल काही नाही. मात्र घाईची विक्री लाटेमागून लाट येते आहे आणि भाव एका पातळीच्या खाली जातच नाही, असे दिसले तर थांबून पाहावे. तिथे कुणीतरी शांतपणे सगळा माल उचलतो आहे. मंडीत ट्रॉल्या येत राहाव्यात आणि एका गिरणीच्या माणसाने मान हलवत एकेक घेत जावे, तसेच हे. याला 'शोषण' म्हणतात. याच्या उलट प्रकारही असतो : भाव चढतो आहे, पण चढवणारे सौदे दर वेळी लहान होत चालले आहेत. तिथे दम संपत आला आहे असे समजतात.

आमच्या होमिओपॅथीत विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून शिकवतात की एका लक्षणावर औषध देऊ नये, लक्षणसमूह पाहावा. रुग्णाला तहान लागते, एवढ्यावर काही ठरत नाही. केव्हा लागते, घोट-घोट की तांब्याभर, थंड की कोमट, सोबत काय, हे सारे विचारावे लागते. ओघ वाचतानाही तीच शिस्त उपयोगी पडते. एक मोठा सौदा पडद्यावर चमकला म्हणजे निदान झाले, असे होत नाही. तो कोणत्या पातळीवर झाला, आधी काय चालले होते, नंतर भावाने काय केले, एकूण बाजार कुठे होता, हे सगळे जुळावे लागते.

रुमालाखालची बोली

आता अडचणींकडे येऊ, कारण शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत याच गोष्टी गाळलेल्या असतात.

पहिली अडचण अशी की पडद्यावर सगळा माल दिसत नाही. मोठ्या ऑर्डरीचा काही भागच उघड करण्याची सोय बाजार स्वतःच देतो. १०,००० शेअर घेणारा १,००० च दाखवू शकतो. तेवढे मिळाले की पुढचे १,००० वर येतात. हाच आपला रुमाल. शिवाय मोठ्या संस्था संगणकाकडून दिवसभर छोटे छोटे तुकडे टाकून घेतात. अल्बर्ट काईल या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये गणिताने मांडले होते की ज्याच्याकडे खरी माहिती आहे तो ती एकदम उधळत नाही, इतरांच्या गोंधळात मिसळून हळूहळू वापरतो. म्हणजे जो ओघ सर्वांत मोलाचा, तोच सर्वांत जास्त लपवलेला.

दुसरी अडचण याहून वाईट. जे दिसते तेही नेहमी खरे नसते. विक्रीच्या बाजूला मोठी ऑर्डर टाकायची, ती पाहून लोक घाबरून खाली विकू लागले की आपण स्वस्तात घ्यायचे आणि ती मोठी ऑर्डर पुरी होण्याआधीच काढून टाकायची. या लबाडीला 'स्पूफिंग' म्हणतात आणि ती बेकायदा आहे. एप्रिल २०२५ मध्ये सेबीने एका दलाली संस्थेविरुद्ध याच आरोपावरून अंतरिम आदेश काढला. लिलावात आपलाच माणूस उभा करून खोटी बोली बोलायला लावावी, तसाच हा प्रकार. पाच ओळींच्या तक्त्यावर विसंबणारा माणूस हे त्याचे नेमके भक्ष्य असते.

तिसरी अडचण तांत्रिक आहे. घरच्या ॲपवर येणारी माहिती म्हणजे अखंड चित्रपट नव्हे. ती ठरावीक अंतराने काढलेली छायाचित्रे असतात आणि दोन छायाचित्रांमध्ये अनेक सौदे होऊन गेलेले असतात. सौद्यावर 'हा घाईचा खरेदीदार' अशी चिठ्ठी चिकटवलेली नसते. सॉफ्टवेअर त्या सौद्याचा भाव खरेदी-विक्रीच्या भावांशी ताडून अंदाज बांधते. चार्ल्स ली आणि मार्क रेडी यांनी १९९१ मध्ये असा अंदाज बांधण्याची रीत मांडली आणि तिच्या मर्यादाही सांगितल्या. त्यामुळे रंगीत चौकटींत दिसणारा डेल्टा हे मोजमाप नसून अनुमान आहे. रक्ताची तपासणी आणि नाडीवरून केलेला तर्क यांत असतो तसा हा फरक. तर्क उपयोगी असतो, पण तो तर्क आहे हे विसरू नये.

५ ऑक्टोबर २०१२

रिकाम्या वहीवर घाईची ऑर्डर आदळली की काय होते, याचे आपल्या देशातले ठळक उदाहरण या दिवशी घडले. शुक्रवारची सकाळ होती. एका दलाली संस्थेच्या टेबलावरून निफ्टीतल्या शेअरांच्या विक्रीच्या चुकीच्या ऑर्डरी गेल्या. एक्स्चेंजने नंतर सांगितले त्याप्रमाणे अशा ५९ ऑर्डरी होत्या आणि त्यांतून ६५० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सौदे झाले. खरेदीच्या ओळी एकामागून एक रिकाम्या झाल्या. ५,७०० च्या वर असलेला निफ्टी क्षणार्धात ४,८८८ पर्यंत, म्हणजे १५ टक्क्यांहून अधिक कोसळला. व्यवहार सुमारे १५ मिनिटे थांबले आणि पुन्हा सुरू झाल्यावर निर्देशांक जवळपास पूर्वीच्या जागी आला.

कोणत्याही कंपनीचे त्या सकाळी काही बिघडले नव्हते. परंतु ज्यांनी 'भाव इतका खाली आला तर मिळेल त्या भावाला विका' अशी सूचना देऊन ठेवली होती, त्यांचे शेअर त्या दरीत विकले गेले असणार. भाव परत आला म्हणून त्यांचे शेअर परत येत नाहीत. ओघाचा अभ्यास करणाऱ्याने या घटनेतून एक धडा घ्यावा : भाव किती हलेल हे ऑर्डर किती मोठी आहे यावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच समोर किती माल थांबला आहे यावरही असते. पातळ वहीत छोटा दगडही मोठी लाट उठवतो.

शिरताना आणि बाहेर पडताना

एवढे समजल्यावर रोजच्या वापरातल्या काही गोष्टी सांगता येतात. ज्यांनी दीर्घकाळासाठी शेअर घ्यायचे ठरवले आहे, त्यांनाही त्या उपयोगी आहेत.

सकाळी ९ ते ९.१५ हा उघडण्यापूर्वीचा टप्पा २०१० पासून आहे. त्यात ऑर्डरी गोळा होतात आणि ज्या भावाला सर्वांत जास्त शेअरांचा मेळ बसेल तो सुरुवातीचा भाव ठरतो. त्यानंतरची पहिली काही मिनिटे रात्रभर साठलेल्या घाईची असतात. आपल्याला घाई नसेल तर त्या गर्दीत शिरू नये. ओघ स्थिरावू द्यावा.

घेताना शक्यतो लिमिट ऑर्डर द्यावी. तक्ता पाहून फट किती आहे ते आधी बघावे. फट मोठी आणि ओळी पातळ असतील, तर त्या शेअरमध्ये शिरणे जितके सोपे दिसते तितके बाहेर पडणे सोपे नसते. आपल्याला हवे तेवढे शेअर पहिल्या एक-दोन ओळींत मावत नसतील, तर आपली ऑर्डरच भाव हलवणार आहे, हे ओळखावे आणि ती तुकड्यांत द्यावी.

एकूण खरेदी आणि एकूण विक्री असे जे दोन मोठे आकडे तक्त्याखाली दिसतात, त्यांवरून निर्णय घेऊ नये. ४०० च्या शेअरला ३८० रुपयांची बोली लावून बसलेला माणूसही त्या आकड्यात मोजलेला असतो. तो बाजारात आलाय असे म्हणणे म्हणजे मंडीच्या फाटकाबाहेर चहा पिणाऱ्याला खरेदीदार समजणे होय.

बाहेर पडण्याची जागा शिरण्यापूर्वीच ठरवावी. तोटा थांबवणारी ऑर्डर ठेवताना ४००, ४५०, ५०० असे गोल आकडे टाळावेत. सगळे तिथेच ठेवतात आणि तिथे पोहोचलेला भाव त्या ऑर्डरींच्या धक्क्यानेच आणखी घसरतो. अशी ऑर्डर भाव लागताच 'मिळेल त्या भावाला विका' अशी असावी की 'या भावाखाली नको' अशी, हेही ठरवावे. पहिलीत विक्रीची खात्री आहे, भावाची नाही. दुसरीत भावाची खात्री आहे, विक्रीची नाही. ऑप्शनच्या पातळ वहीत पहिल्या प्रकाराने विचित्र भावांचे सौदे होऊ लागले, म्हणून नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने सप्टेंबर २०२१ मध्ये तिथली ती सोयच बंद केली.

थोडक्यात, ओघाचे वाचन आपल्याला महागात शिरण्यापासून आणि दरीत विकण्यापासून काही अंशी वाचवू शकते. हा फायदा पैशांचा नसून पैशा-पैशाचा आहे, तरीही तो खरा आहे.

मग भाकीत?

राहिला मोठा दावा, की ओघ वाचून पुढचा भाव सांगता येतो. रामा कॉन्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अमेरिकेतील ५० शेअरांच्या ऑर्डरी तपासल्या. थोड्या सेकंदांच्या अवधीत ऑर्डरींचा कल आणि भावातला बदल यांचे जवळजवळ सरळ रेषेतले नाते त्यांना दिसले. हे वाक्य शिकवणीवर्गांना फार आवडते. मात्र ते नीट वाचावे. ज्या सेकंदांत ओघ आला, त्याच सेकंदांतल्या भावाशी हे नाते आहे. पाऊस पडत असताना रस्ता ओला होतो, हे त्यातून सिद्ध होते. संध्याकाळी पाऊस पडेल का, हे सिद्ध होत नाही. पुढच्या काही क्षणांबद्दल जी अल्पशी सूचना त्यात असेल, ती मिळवण्याच्या शर्यतीत एक्स्चेंजच्याच इमारतीत ठेवलेले संगणक धावत असतात. आपण बोट उचलेपर्यंत ते पोहोचलेले असतात.

सेबीचे अहवाल हेच सांगतात. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. २०२३-२४ मध्ये मोठ्या दलाली संस्थांनी स्वतःच्या खात्यावर आणि परदेशी गुंतवणूकदारांनी जो नफा मिळवला, त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग संगणकीय व्यवहारांतून आला होता. एका दिवसात घेऊन विकणाऱ्यांत २०२२-२३ मध्ये दहापैकी सात जण तोट्यात होते. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण ७६ टक्के होते आणि वर्षात ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांत ८० टक्के. म्हणजे जितके जास्त सौदे, तितका जास्त तोटा. मघाचा २८ पैशांचा हिशेब आठवावा. तो प्रत्येक सौद्याला भरावा लागतो.

या आकड्यांना माझ्या दवाखान्यात चेहरे आहेत. झोप न येणे, छातीत धडधड, आम्लपित्त, चिडचिड ही लक्षणे घेऊन येणाऱ्या पस्तिशीच्या तरुणांना मी गेली काही वर्षे एक प्रश्न हमखास विचारतो : बाजारात रोज सौदे करता का? बरेच जण आधी खाली पाहतात. निवृत्तीची रक्कम हाती आलेले एक गृहस्थ पत्नीसोबत आले होते. कुण्या शिकवणीवर्गात मोठी फी भरून ते ओघाचे तंत्र शिकले होते. रकमेचा मोठा भाग गेला होता आणि बाईंना हे आठ दिवसांपूर्वीच कळले होते. त्या मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, यांना झोपेचं औषध नको, मोबाइल बंद करायचं औषध द्या." गृहस्थ हळूच म्हणाले, "तंत्र बरोबर आहे हो, माझीच शिस्त कमी पडली." त्या वर्गाने फीबरोबर हे वाक्यही त्यांना शिकवले होते. तोटा झाला की दोष शिकणाऱ्याचा. ज्या तंत्राची चूक कधी निघूच शकत नाही, ते तंत्र तपासण्याचा मार्गच बंद झालेला असतो.

तपासण्याचा एक साधा मार्ग आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. घरात कुणी हे तंत्र शिकत असेल, तर त्याला एक वही द्यावी. ओघ पाहून तो जो निर्णय घेईल तो वेळ आणि भावासह, सौदा न करता, आधी लिहावा. बाहेर पडण्याची जागाही तेव्हाच लिहावी. असे १०० निर्णय झाले की फट, कर आणि दलाली वजा करून बेरीज मांडावी. खोडाखोड नको. आमच्याकडे औषधाची सिद्धी करताना निरोगी माणसाला औषध देऊन रोजची लक्षणे जशी आली तशी टिपतात, सोयीची तेवढी टिपत नाहीत. त्याच नियमाने ही वही लिहावी. बेरीज वजा आली, तर तंत्राने आपले उत्तर दिले आहे. अधिक आली, तर आणखी १०० लिहावेत, कारण शंभरात दैवाचाही वाटा असतो.

आम्हा जैनांत श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे परिग्रह-परिमाणाचे आहे. आपल्याकडे किती असावे याची मर्यादा माणसाने स्वतः, आधीच आणि शांत मनाने आखून घ्यायची. हे व्रत कमावण्याच्या विरुद्ध नाही. व्यापार करणाऱ्या समाजानेच ते पाळले आहे. त्यातले 'आधीच' फार महत्त्वाचे. बाजारात किती रक्कम नेणार, किती गेली की परतणार आणि किती मिळाली की पुरे म्हणणार, हे तिन्ही आकडे घराच्या माणसांसमोर कागदावर लिहून मगच ॲप उघडावे. पडद्यावरचा ओघ दुसऱ्यांची घाई दाखवतो. आपली स्वतःची घाई दाखवणारी ओळ त्या तक्त्यात नसते, ती या कागदावरच सापडते.